मोंतेलारोतलं बाकडं

लाँच धक्क्याला लागली तरी अम्माचं चाललंच होतं. माझ्या बॅगेतला टेपरेकॉर्डर बाहेर काढायचा, ओढणीनं पुसायचा, परत आत ठेवायचा. तिसऱ्यांदा तसं केल्यावर मी वैतागलो. म्हटलं, अम्मा, आता मोडेल तो. तेव्हा कुठं तिनं बॅगेची चेन लावली. मागं माझी बायको जुबेदा उभी होती, कडेवर सहा महिन्यांची नसरीन. जुबेदा काही बोलली नाही. आमच्याकडं धक्क्यावर बायको बोलत नाही, आई बोलते.

"पोचलास की टेप धाड," अम्मा म्हणाली. "बरं असेल तर बरं सांग, वाईट असेल तर वाईट. लपवू नको काही. तुझा आवाज आला की माझं घर भरतं."

मी मान हलवली आणि लाँचमध्ये चढलो. अम्माला लिहितावाचता येत नव्हतं. आमच्या खाडीकाठच्या गावात तेव्हा अर्ध्या घरांतले पुरुष आखातात, आणि पत्रांऐवजी कॅसेटी येत-जात. रजेवर येणारा कुणीतरी आणायचा, जाणारा कुणीतरी न्यायचा. मी फरशी बसवणारा माणूस. कामात सुताएवढा वाकडेपणा खपवून घेत नाही, त्यापायी कितीजणांशी भांडलो असेन. पण अम्मानं सांगितलेली ती एक गोष्ट माझ्याकडून पाळली गेली नाही.

हे मी तुमच्यासाठी लिहितोय. जे गावात राहिलात त्यांच्यासाठी, कारण तुम्ही मला आजही इटलीवाला म्हणता. आणि जे दम्मामच्या कॅम्पात माझ्याबरोबर होतात त्यांच्यासाठी, कारण त्या लढाईच्या वर्षी मी इटलीत नव्हतो हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, आणि तरी एवढी वर्षं तुम्ही तोंड उघडलं नाहीत.

दम्मामला आमची साइट म्हणजे एका बँकेची मोठी इमारत. खाली ते वरपर्यंत संगमरवर. आमचा फोरमन तुलिओ नावाचा म्हातारा इटालियन. हातभर मिशा, कमरेला ओळंबा, आणि तोंडानं अखंड बडबड. अर्धं इंग्लिश, पाव अरबी, पाव आमच्याकडून उचललेलं हिंदी. सांधा चुकला की लादी उचकटायला लावायचा आणि वर म्हणायचा, खलास, फिर से. मी त्याच्यावर चिडायचो आणि मनातून खूश व्हायचो, कारण चूक खरंच असायची.

त्याच्याकडं पोस्टकार्डांचा एक पत्र्याचा डबा होता. सगळी कार्डं त्याच्या गावची. मोंतेलारो. डोंगरावरचं एवढंसं गाव, आपल्या दापोलीच्या बाजारपेठेत दोनदा मावेल. शुक्रवारी सुट्टी असली की तो आम्हा दोघातिघांना चहाला बोलवायचा आणि कार्डं मांडून गाव दाखवायचा. ही वेस. वेशीवर दगडी सिंह, येणाराजाणारा नाकाला हात लावतो म्हणून सिंहाला नाकच उरलेलं नाही. इथून चढण. उजवीकडं चार तोंडांचं कारंजं, पूर्वी बायका तिथं कपडे धुवायच्या. वर चौक, चौकात घंटाघर, घड्याळाला एकच काटा. समोर चर्च, आणि चर्चमधली फरशी त्याच्या आजोबानं घातलेली.

त्या फरशीची गोष्ट तो दर वेळी सांगायचा. एकाच दगडाचे दोन काप काढून पुस्तकाच्या पानांसारखे उघडून लावायचे, म्हणजे दोन्हीकडच्या शिरा जुळतात. अख्खी फरशी आजोबानं तशी जुळवली, आणि तिसऱ्या खांबापाशी एक लादी उलटी बसली. लक्षात आलं तेव्हा चुना धरला होता आणि दुसऱ्या दिवशी बिशप यायचा होता. आजोबानं काय केलं? एक बाकडं आणून त्या लादीवर ठेवलं. त्यानंतर ते बाकडं तिथून कुणीच हलवलं नाही. पुढं पुढं लोक म्हणायला लागले की ते बाकडं पवित्र आहे, त्यावर बसून मागितलं की मिळतं. एवढं सांगून तुलिओ मांडीवर थाप मारून हसायचा.

मग ऑगस्टात कुवेत गेलं. दम्मामपासून कुवेत किती जवळ ते तुम्ही तिकडचे जाणता. रस्त्यानं कुवेतच्या गाड्या यायला लागल्या, टपावर गाद्या बांधलेल्या. आमच्या शेजारच्या वाडीतला एक जण कुवेतला होता, त्याचा काही पत्ताच लागेना. सप्टेंबरात गुहागरचा बशीर, माझ्या खोलीतला जोडीदार, रजेवरून परत आला. येताना तो आमच्या घरी जाऊन आला होता. त्यानं आधी जेवण केलं आणि मग सांगितलं. अम्मा जेवत नाही. दिवसभर रेडिओ कानाला लावून बसते. छातीत दुखतं म्हणून दाभोळच्या डॉक्टरकडं नेलं, तर डॉक्टर म्हणाले, हिला काळजीनंच काही होईल, हिच्या मुलाला बोलावून घ्या.

बोलावून घ्या म्हणे! पासपोर्ट कफीलकडं, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या अरबी मालकाकडं, आणि कफील बायकामुलं घेऊन जेद्दाकडं पळालेला. एक्झिटचा शिक्का मारायला ऑफिसात माणूस नाही. मी आठ दिवस खेटे घातले. दर वेळी तोच इजिप्शियन कारकून, तेच 'बुकरा', म्हणजे उद्या. नवव्या दिवशी मी त्याच्या टेबलावर हात आपटला, तेव्हा त्यानं शांतपणे माझा इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, मागितला. मी गप बाहेर आलो.

त्या शुक्रवारी नमाजानंतर मी साइटच्या स्टोअरमध्ये टेपरेकॉर्डर घेऊन बसलो आणि अम्माला सांगितलं की मी दम्माममध्ये नाही. कंपनीनं मला इटलीला पाठवलंय, संगमरवर निवडायला. लढाई मिटेपर्यंत इकडंच.

लढाईपासून लांब, पश्चिम किनाऱ्यावरचं राबिघ किंवा जेद्दा सांगितलं असतं तर पंधरा दिवसांत उघडं पडलो असतो. आमच्या गावची निम्मी माणसं तिकडं, दम्मामात मात्र मी एकटाच. इटलीत आमच्या अख्ख्या तालुक्याचं कुणी नव्हतं. शहानिशा करणार कोण? एवढंच मला नीट सुचलं. उलट टेप मात्र पाठवू नका म्हटलं, इथला पत्ता कायम नाही, कंपनीची बॅग पंधरा दिवसांनी जेद्दाला जाते तीतून मीच पाठवत जाईन. घरून माझ्यापर्यंत येणारा रस्ता मी असा माझ्याच हातानं बंद केला. लढाई दोन आठवड्यांत मिटेल असं तेव्हा सगळेच म्हणत होते.

बशीरच्या घरच्या पत्रातून कळलं की अम्मा जेवायला लागली. झालं, मला जोर चढला. दर पंधरा दिवसांनी एक टेप. तुलिओकडून दोन-दोन कार्डं मागून घ्यायचो, समोर मांडायचो आणि अम्माला गाव दाखवायचो. अम्मा, आता आपण वेशीत आलो. सिंहाच्या नाकाला हात लाव. आता चढण आहे, दमलीस तर बस थोडी. उजवीकडं वळ, हे बघ कारंजं. घंटाघराची घंटा ऐकवायची म्हणून मी परांचीच्या लोखंडी पाइपावर हातोडी मारायचो, मोजून बारा. आता हे लिहितानाही लाज वाटते. पण खरं सांगतो, तेव्हा मजा येत होती. तेवढा तासभर मीही दम्माममध्ये नसायचो. अजान व्हायच्या आत टेप बंद करायचो, कारण आमच्या कॅम्पाला लागूनच मशीद होती.

डिसेंबरात तुलिओ नाताळच्या सुट्टीला गेला. जाताना पत्र्याचा डबा माझ्या हातात ठेवला. म्हणाला, मी चाललोय तिथंच, मला कार्डं कशाला? मी त्याला माझ्या टेपांबद्दल सांगितलं होतं. तो त्यावर हसला नव्हता. तो परत आला नाही.

जानेवारीत सुरू झालं. त्याचं वर्णन मी करत बसणार नाही. ज्यांनी ते काढलं त्यांना नको आहे आणि बाकीच्यांना टीव्हीवर दिसलं आहे. आम्हाला मास्क मिळाले नाहीत. ओला टॉवेल तोंडाला बांधा आणि खिडकीला चिकटपट्टी लावा, एवढं सांगितलं होतं. सायरन झाला की बशीर आणि मी टेबलाखाली. बशीर मोठ्यानं कलमा म्हणायचा आणि मला तेही आठवायचं नाही. काम बंद, मेस अर्धी बंद. आणि मी तशातही अम्माला मोंतेलारो दाखवत होतो. विमानं थांबली तर टेपा जेद्दाला जाणाऱ्या ट्रकवाल्याकडं दिल्या. त्याआधी विमानानं गेली होती कारंज्याची टेप, पुलाची टेप, आणि एक अख्खी टेप चर्चमधल्या फरशीची. आजोबाची, उलट्या लादीची आणि बाकड्याची.

मार्चात सगळं थंडावलं. कफील परत आला, ईद झाली, आणि मेमध्ये माझी रजा मंजूर झाली. मी घरी पत्र टाकलं की दम्मामला परतलोय, आता रजेवर येतोय, समोर बसून सगळं सांगेन. जुबेदाचं उत्तर आलं, दोनच शब्दांचं. 'या लवकर.' त्यात मला काही वावगं दिसलं नाही.

लाँच धक्क्याला लागली तेव्हा तिथं जुबेदा एकटी उभी होती. नसरीन तिचं बोट धरून. मी विचारलं, अम्मा कुठंय? जुबेदानं माझ्या हातातली बॅग घेतली आणि चालायला लागली. तेव्हाच समजलं, पण माझे पाय तिच्या मागून नुसते जात राहिले.

अम्मा फेब्रुवारीच्या सुरुवातीला गेली होती. सकाळी चहा घेतला, भिंतीला टेकून बसली आणि तशीच गेली. त्याच दिवशी दफन झालं. मामू, म्हणजे अम्माचा भाऊ, दाभोळच्या पोस्टात तार करायला गेला, जुबेदाला घेऊन. तारेवर पत्ता घातला, माझं नाव, मोंतेलारो, इटली. ती तार काही दिवसांनी परत आली.

"दम्मामला का नाही केली?" मी विचारलं. मग मलाच उमगलं की मी काय विचारतोय. तिला कुठं ठाऊक होतं?

"मला ठाऊक होतं," जुबेदा म्हणाली. "तुमच्या कारंज्याच्या टेपेत शेवटी अजान आहे. बांगीचा आवाज मधेच चिरकतो. दोन वर्षं तुमच्या सगळ्या टेपांत मी तोच बांगी ऐकलाय."

कारंज्याचं सांगताना मी रमलो होतो, टेप बंद करायला चुकलो होतो. दोन-चार सेकंदांची ती अजान अम्माच्याही कानावर पडली होती. ती उलट खूश झाली, मोहल्ल्यात सांगत सुटली की माझा मुलगा गेलाय तिथं मशीदसुद्धा आहे. जुबेदानं तिला हो म्हटलं. आणि मामू तारेवर इटली लिहीत होता तेव्हाही ती शेजारी गप उभी राहिली.

"तार दम्मामला पोचली असती तर तुम्ही काय केलं असतंत?" ती म्हणाली. "येता आलं असतं? तिकडं बॉम्ब पडत होते. तिथं एकट्यानं बसून रडला असता. म्हणून नाही सांगितलं."

मला राग आला. नुसता राग नाही, मी तिला नको नको ते बोललो. माझी आई, आणि मला चार महिने कळू नये? महिनाभर तिच्याशी नीट बोललो नाही. तिनं तेच केलं होतं जे मी अम्माशी केलं होतं, अगदी त्याच कारणासाठी, हे समजायला मला फार वेळ लागला. आम्हा दोघांनाही आपल्या माणसाला दुखवायचं नव्हतं, त्यात अम्मा माझ्याशिवाय मातीत गेली.

पण सगळ्यात वाईट ते तिनं नंतर सांगितलं. अम्मा गेल्यावरही माझ्या तीन टेपा आल्या. उशिरानं, ट्रकवाल्याच्या. शुक्रवारी दुपारी मोहल्ल्यातल्या बायका आमच्या पडवीत इटली ऐकायला जमायच्या, अम्मानंच ती सवय लावली होती. त्या तेव्हाही जमल्या. नाही म्हणावं तर कारण काय सांगणार? जुबेदानं टेपा लावल्या. अम्माची जागा रिकामी, आणि टेपेतून मी सांगतोय, अम्मा, दमलीस का? बस थोडी. आता उजवीकडं वळ. बायका डोळे पुसत ऐकत होत्या, आणि जुबेदा एकटी जाणून होती की बोलणारा इटलीत नाही, तो जिवंत आहे की नाही तेही ठाऊक नाही.

मी गावात कुणालाच काही सांगितलं नाही. चार दिवसांनी सांगू, बरसीनंतर सांगू, असं होत गेलं. मग इटलीवाला हे नावच पडलं. पोस्टमनसुद्धा तसं म्हणायला लागला.

पुढं राबिघला रिफायनरीच्या कॉलनीत काम लागलं आणि जुबेदा-नसरीनला घेऊन गेलो. नसरीन इंडियन स्कूलमध्ये शिकली, मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर, रागावलो की हिंदीत. सुट्टीत गावी आणलं की तिसऱ्या दिवशी विचारायची, आपण घरी कधी जाणार? तिचं घर राबिघ होतं. मला त्याचा राग यायचा. मग ती शिकली, जर्मनीत नोकरीला गेली, आम्ही दोघं म्हातारे गावी परतलो, आणि गेल्या वर्षी तिनं तिकिटं पाठवली. अब्बा, तुम्ही पूर्वी राहायचात ते इटलीचं गाव बघूया, म्हणाली. तिलाही आम्ही तेच सांगितलं होतं.

मोंतेलारो तसंच आहे. वेस, सिंह, चढण, सगळं. मला एकदाही रस्ता विचारावा लागला नाही. नसरीन म्हणाली, वॉव अब्बा, यू रिमेंबर एव्हरीथिंग. कारंजं कोरडं, त्यात सिगरेटची थोटकं. घंटा बारा वाजता वाजली, बारीक, चमचा पडल्यासारखी. जुबेदा म्हणाली, तुमचीच घंटा बरी होती. चौकातल्या चहावालीला तुलिओचं नाव सांगितलं, तिनं मान हलवून वर बोट दाखवलं. तो जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

चर्चमध्ये फरशी बघितली आणि मी भान विसरलो. काय जुळवणी! नखसुद्धा शिरत नाही. तिसऱ्या खांबापाशी बाकडं होतं, बसून बसून गुळगुळीत झालेलं, पुढं मेणबत्त्या. मी बघत उभा राहिलो, तेव्हा जुबेदा हळू आवाजात म्हणाली, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. बाकड्याची टेप अम्माला पोचली होती. शेवटची तीच. ती खूप हसली आणि मग म्हणाली, कुणीतरी एकदा ते बाकडं हलवायला पाहिजे.

मी हलवलं. एका बाजूनं उचलून वीतभर सरकवलं. चर्च सांभाळणारी बाई धावत आली, ओरडली, पण तोपर्यंत मी बघितलं होतं. उलटी लादी. शिरा भलतीकडं चाललेल्या. एवढी वर्षं अंधारात असल्यानं बाकी फरशीपेक्षा नवी राहिलेली. नसरीन घाबरून विचारत होती, अब्बा, काय करताय? मी बाकडं जागेवर ठेवलं, बाईची माफी मागितली, बाहेर पायऱ्यांवर बसलो आणि मुलीला सगळं सांगितलं. ती माझ्या शेजारी पायरीवर बसली. मग मराठीत म्हणाली, दादीला सांगितलं का?

पूर्वी माझ्या लेखी घर म्हणजे टेप जिथं पाठवायची ती जागा. मग राबिघची दोन खोल्यांची क्वार्टर घर झाली. आता घर म्हणजे जिथं माझं खोटं अजून राहतंय ती जागा, आणि तिथं राहायचं तर ते आधी बाहेर काढायला हवं. म्हणून हे लिहिलं. आता मला काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

परत आल्यावर पहिल्या शुक्रवारी नमाजानंतर कब्रस्तानात गेलो. फातिहा पढलो. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मोठ्यानं बोललो, कारण अम्माला शेवटी शेवटी कमी ऐकू यायचं.

"अम्मा, मी इटलीला गेलोच नव्हतो. दम्मामलाच होतो. ओला टॉवेल तोंडाला बांधून टेबलाखाली बसायचो. फार भ्यायलो होतो गं."

जुबेदा कुंपणाबाहेर थांबली होती. मी चप्पल पायात घालेपर्यंत तिनं वाट पाहिली, मग विचारलं, सगळं सांगितलं?

म्हटलं, वाईट तेवढं सांगितलं. बरं तिला आधीच सांगून झालंय.